गळतीचा माग : कौलारू घर, पाणी आणि दुरुस्ती

कोकणात छपराच्या कामासाठी एक स्वतंत्र क्रियापद आहे : शाकारणे. वैशाखात आंबे उतरत असतानाच घर शाकारायची घाई सुरू व्हायची. कौले किंवा नळे उतरवायचे, झाडायचे, फुटके वेगळे काढायचे, खालच्या रिपा आणि वासे हाताने चाचपायचे, जिथे लाकूड मऊ लागेल तिथे सुताराला बोलवायचे आणि मृगाच्या आत सगळे पुन्हा जागच्या जागी लावायचे. नाव छपराचे असले, तरी ही साऱ्या घराची वार्षिक तपासणी होती. आता हा शब्दच कमी ऐकू येतो, आणि तो मागे पडला तशी घरेही कुजू लागली.

गेली काही वर्षे मी रत्नागिरी, लांजा, राजापूर आणि संगमेश्वर या तालुक्यांत जुनी घरे पाहत हिंडतो आहे. मी स्थापत्याचा पदवीधर नाही. सुतार, गवंडी आणि घरात राहणारी म्हातारी माणसे हेच माझे शिक्षक. पुस्तके नंतर आली. या भटकंतीत एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली. जुने घर पाण्यामुळे पडते असे आपण म्हणतो. पण तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस अंगावर घेत ही घरे शंभर-दीडशे वर्षे उभी होतीच. भिजणे त्यांच्या नशिबात पहिल्यापासून होते. बिघडले आहे ते त्यांचे वाळणे. दुरुस्तीचा विचार इथून सुरू केला, तर निम्म्या चुका टळतात.

पाण्याची वाट

कौलारू छप्पर जलाभेद्य नसते आणि तसा त्याचा दावाही नसतो. दिवसा माळ्यावर जाऊन वर पाहिले, तर कौलांच्या सांध्यांतून उजेडाच्या बारीक रेषा दिसतात. हवा जाते-येते, चुलीचा धूर बाहेर पडतो. पाण्याला अडवण्याऐवजी त्याला झटपट खाली उतरवायचे, हे या छपराचे तत्त्व. म्हणून पाखे उतरते, म्हणून वळचण भिंतीपासून चांगली पुढे आलेली, म्हणून पागोळ्या जोत्यापासून लांब पडाव्यात अशी रचना.

पूर्वी बहुतेक घरांवर गवत, पेंढा किंवा नळे असत. कुंभार चाकावर मातीची नळी घडवी आणि ती उभी चिरून तिचे दोन नळे करी. एक उताणा, एक पालथा असे ते छपरावर बसत. त्यांना एकमेकांत अडकायला खाच नसल्यामुळे वारा, मांजर, वानर यांपैकी कोणीही ते हलवी. म्हणूनच ते दरवर्षी परतावे लागत. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला नेत्रावतीच्या काठी कौलांचा कारखाना काढला आणि खाचेत खाच बसणारे, मागच्या बोंडाने रिपेवर अडकणारे चपटे कौल तयार होऊ लागले. जहाजांनी ते किनाऱ्याकिनाऱ्याने पसरले आणि आपल्याकडे ‘मंगलोरी कौल’ या नावाने स्थिरावले. हे कौल खरोखर चांगले. पण ते लवकर हलत नसल्यामुळे दरवर्षी छपरावर चढण्याची गरज उरली नाही, आणि छप्पर परतण्याबरोबर वासे तपासण्याची सवयही हळूहळू सुटली.

मंगलोरी छप्पर गळते तेव्हा दोष बहुधा मधल्या कौलांचा नसतो. जिथे एक गोष्ट संपून दुसरी सुरू होते, तिथे पाणी शिरते. आढ्यावर पालथी बसवलेली कौले, म्हणजे कोने, चुन्यात किंवा सिमेंटात बसवलेले असतात. त्या भरावाला तडा गेला की पाणी थेट आढ्यावर उतरते. दोन पाखी मिळतात तिथल्या खोलगट सांध्यात पातेरा साचतो आणि पाणी तुंबून बाजूच्या कौलांखाली घुसते. छप्पर भिंतीला टेकते तो सांधा आणि काचेच्या कौलाची कड याही नेहमीच्याच जागा. अलीकडच्या काळात सर्वांत वाईट सांधा म्हणजे जुन्या घराला मागे जोडलेल्या स्लॅबच्या स्वयंपाकघराचा किंवा न्हाणीघराचा. कौलारू भाग उन्हापावसात थोडा हलतो, स्लॅबही आपल्या गतीने तापतो आणि आक्रसतो. दोघांमध्ये भरलेले सिमेंट दोन पावसाळेही टिकत नाही.

वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, अशी आपली म्हण आहे. कोकणातल्या वादळी पावसाला ती पुरती लागू पडत नाही. नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो तेव्हा पाणी कौलाच्या पाठीवरून उलटे वर ढकलले जाते आणि वरच्या कौलाच्या खालून आत येते. म्हणून समुद्राच्या अंगाचे पाखे आधी खराब होते आणि पूर्वी त्याच बाजूला पावसाळ्यात झापांचा आडोसा बांधत.

यापुढची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पाणी जिथे टपकते, तिथे ते शिरलेले नसते. आत आलेला थेंब वाशाच्या खालच्या अंगाला चिकटून उतारावर वाहत जातो आणि एखादी गाठ, खिळा किंवा आडवी तुळई लागली की सुटून पडतो. माजघरातल्या बादलीच्या नेमके वरचे कौल बदलून काही होत नाही, ते याचमुळे. माग वरच्या दिशेने काढायचा असतो. वाशाच्या खालच्या अंगाला काळसर पट्टा दिसतो. तो धरून आढ्याकडे सरकत जावे. पट्टा जिथे संपतो, त्याच्या आसपास दोष असतो. खात्री करायची तर उघडिपीच्या दिवशी एकाने माळ्यावर बसावे आणि दुसऱ्याने शिडीवरून बाहेर पाणी ओतावे. पण ओतायची सुरुवात वळचणीकडून करून हळूहळू वर जावे. वरून सुरुवात केली, तर पाणी सगळ्याच सांध्यांवरून वाहते आणि नेमका कोणता फुटला आहे ते कळत नाही.

ओल आणि कूज

लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते. पाणी त्या बुरशीला जगवते. लाकडातले पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या वीस टक्क्यांच्या आत असेल, तर कुजवणारी बुरशी वाढू शकत नाही. ते तीसच्या घरात जाऊन तिथेच राहिले की तिला मोकळे रान मिळते. आता आपल्या हवेचा हिशेब पाहा. आषाढ-श्रावणात हवेतली आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्के असते. अशा हवेत, एक थेंबही न गळता, लाकूड नुसत्या हवेतले पाणी पिऊन अठरा-वीस टक्क्यांवर येते. म्हणजे पावसाळ्यात कोकणातला प्रत्येक वासा धोक्याच्या रेषेवर उभा असतो आणि एक लहानशी गळती त्याला पलीकडे ढकलते. हिवाळ्यात, हवा कोरडी झाली आणि ती लाकडापर्यंत पोहोचली, तर तेच लाकूड अकरा-बारा टक्क्यांवर उतरते आणि बुरशीची वाढ थांबते. सारा खेळ या ‘पोहोचली तर’मध्ये आहे.

म्हणूनच सर्वांत आधी कुजते ते लाकडाचे लपलेले टोक. उघड्यावरचा वासा भिजतो आणि वाळतो. भिंतीत गाडलेले तुळईचे टोक भिजते आणि चारी बाजूंनी ओला जांभा असल्यामुळे वाळतच नाही. शिवाय लाकूड आडव्या अंगापेक्षा कापलेल्या टोकातून कितीतरी जास्त पाणी ओढते. जमिनीत रोवलेल्या खांबाच्या पायाचेही तसेच. जुन्या सुतारांनी खांबाखाली दगडाचा तळखडा घातला तो यासाठी. लाकूड आणि माती यांची गाठ पडू द्यायची नाही. नॉर्वेतली लाकडी चर्चेस आठ-आठ शतके उभी आहेत, त्यामागेही हीच युक्ती आहे. तिथेही खांबांखालच्या आडव्या तुळया दगडांवर उचलून ठेवलेल्या आहेत.

डाग आणि कूज यांतला फरक ओळखता यायला हवा, नाहीतर धडधाकट लाकूड उगाच काढले जाते. लोखंडी खिळ्याभोवतीचा काळा डाग हा बहुधा गंज आणि लाकडातला तुरट अंश यांच्या संयोगाचा असतो. तो ओल येऊन गेल्याची साक्ष देतो, कूज सिद्ध करत नाही. खरी परीक्षा टोकदार हत्याराची. जुना पेचकस लाकडात आडवा दाबावा. चांगल्या लाकडात टोक जेमतेम रुतते आणि उचकटले तर लांब चिरफळी निघते. कुजलेल्या लाकडात ते लोण्यासारखे शिरते आणि तुकडा मध्येच मोडून येतो. पुढच्या अवस्थेत लाकडाला उभ्या-आडव्या भेगा पडून चौकोनी तुकडे होतात आणि ते बोटांत चुरतात. ठोकूनही कळते : निरोगी वासा खणखणतो, पोखरलेला बद्द वाजतो. वाळवीही बहुधा ओलीचाच माग काढत येते. भिंतीवर तिची मातीची नळी दिसली, तर ती मोडण्याआधी कुठे चालली आहे हे पाहावे. गळतीचा पत्ता पुष्कळदा तीच सांगते.

दुरुस्तीचा क्रम

दुरुस्तीचे तीन टप्पे आहेत आणि त्यांचा क्रम बदलता येत नाही. आधी पाणी थांबवायचे, मग वाळू द्यायचे, मग कापायचे. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या टप्प्यापासून सुरुवात होते. गणपती तोंडावर आलेले असतात, सुतार मिळालेला असतो. कुजलेला वासा काढून नवा बसवला जातो आणि गळती तशीच राहते. चार वर्षांनी नवा वासा जुन्याच्या वाटेने जातो.

वाळायला वेळ लागतो. पावसाळाभर भिजलेली जांभ्याची भिंत महिन्याभरात कोरडी होत नाही. जांभा सच्छिद्र असतो. १८०७ साली फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारात पाहिलेल्या या दगडाला लॅटिन भाषेतल्या ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ नाव दिले. खाणीत मऊ असताना तो विटेसारखा कापता येतो आणि उघड्यावर कठीण होतो. विटेसारखाच तो पाणीही पितो. तेव्हा दिवाळीनंतर माळ्यावरचे सामान हलवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, भिंतीला लागलेली कपाटे हातभर पुढे ओढावीत आणि माघापर्यंत थांबावे. कुजलेला भाग एवढ्यात वाळून त्याची खरी हद्द दिसू लागते.

कापताना कुजलेल्या भागाच्या पुढे चांगल्या लाकडातही वीतभर जावे, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे पोहोचलेले असतात. त्यापूर्वी छपराचे वजन उतरवायला हवे. एक मंगलोरी कौल अडीच किलोच्या आसपास भरते आणि चौरस मीटरला पंधरा-सोळा कौले लागतात; म्हणजे मध्यम घराच्या छपरावर काही टन माती असते. कौले दोन्ही पाख्यांवरून सारखी उतरवावीत. एकच बाजू मोकळी केली, तर दुसऱ्या बाजूचे वजन आढे ढकलते. तुळईखाली टेकू देऊन मगच करवत लावावी.

सगळा वासा बदलायची गरज फार थोड्या वेळा असते. टोक कुजले असेल, तर तेवढे तिरके कापून तसाच तिरका नवा तुकडा जोडता येतो; जोड लाकडाच्या जाडीच्या निदान तीन-चार पट लांब असावा आणि बोल्टने आवळावा. किंवा जुन्या वाशाच्या शेजारी नवा वासा लावून दोघांना एकत्र बांधावे. नवे लाकूड जुन्याच्या जातीचे असेल तर उत्तम : साग, फणस, ऐन, किंजळ. जात कोणतीही असो, ते मुरलेले आणि गाभ्याचे हवे. बाहेरच्या पांढऱ्या भागाला कीड आणि कूज आधी लागते. किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत साधे खिळे गंजून फुगतात आणि लाकूड फाडतात, तिथे जस्त चढवलेले किंवा स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरावेत. टोक पुन्हा भिंतीत जाणार असेल, तर त्याच्या दोन्ही बाजूंना आणि वर बोटभर मोकळी जागा सोडावी, खाली सपाट दगड द्यावा आणि भोक सिमेंटने बुजवू नये. कापलेल्या टोकाला काजूच्या टरफलाचे तेल पाजण्याची आपल्याकडची पद्धत चांगली आहे. हे तेल कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून हात झाकूनच काम करावे.

घर डबा होते तेव्हा

यापेक्षा अवघड प्रश्न अर्धवट केलेल्या दुरुस्त्यांचा आहे. भिंत ओली दिसते म्हणून तिला सिमेंटचा गिलावा केला जातो. चुन्याचा गिलावा मऊ असतो. भिंतीतली वाफ त्यातून बाहेर पडते. सिमेंट कठीण असते. भिंत हलली की त्याला केसासारख्या चिरा पडतात, पाणी चिरेतून आत जाते आणि बाहेर यायला वाट मिळत नाही. वर ऑइलपेंट लावला की उरलीसुरली वाटही बंद. मग पोपडे सुटतात आणि ओल भिंतीतून वर चढत तुळईच्या टोकापर्यंत जाते. अंगणात पेव्हर ब्लॉक घालून जमीन जोत्याच्या जवळ उचलली जाते आणि पागोळ्यांचे पाणी उडून भिंतीवर येते. कौलांखाली प्लास्टिकचा कागद टाकला जातो. गळती थांबल्यासारखी वाटते, पण कागद आणि रीप यांच्यामध्ये पाणी अडकते. त्याखाली पीओपीचे छत केले की वासे पुन्हा कोणाच्या नजरेस पडत नाहीत.

अमेरिकेत गेल्या शतकाच्या मध्यावर मोटारीमागे जोडून न्यायची चाकांवरची घरे लोकप्रिय झाली. बाहेर अॅल्युमिनियमचा पत्रा, आत प्लायवूड आणि दोघांच्या मध्ये लाकडी सांगाडा, अशी त्यांतल्या पुष्कळांची बांधणी. त्या ट्रेलरांचा शत्रू एकच : छपराच्या शिवणीतून आणि खिडकीच्या कडेतून आत गेलेले पाणी. पत्रा बाहेरून चकचकीत दिसतो. आतली चौकट कुजून भुसा झालेली असते, आणि ते कळते तेव्हा पत्रा उकलून सांगाडा नव्याने बांधावा लागतो. तिथली हौशी माणसे असे जुने ट्रेलर मोठ्या चिकाटीने दुरुस्त करतात, आणि त्यांचा क्रमही हाच : शिवण शोधा, वाळवा, निरोगी लाकडापर्यंत कापा. फरक एवढाच, की ट्रेलर मुळातच बंद डबा असतो. कोकणी घर उघडे होते. त्याचा डबा आपण करतो आहोत.

पत्र्याचे छप्पर हा आजचा सर्वसाधारण पर्याय. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगडात असंख्य घरांची छपरे उडवली, त्यानंतर अनेकांनी कौलांऐवजी पत्रे घातले. संकटातल्या माणसाला लवकर डोके झाकणे भागच असते. पत्रा घालायचा तर एवढे करावे : रात्री पत्रा थंड पडून त्याच्या खालच्या अंगाला दव धरते, तेव्हा तो लाकडापासून सुटा ठेवावा आणि दोन्ही टोकांना वारा खेळू द्यावा. स्लॅबच्या घरांनीही अखेर गळतीला कंटाळून वर उतरते पत्रे उभारलेच आहेत. उतरत्या छपराला या पावसात पर्याय नाही, हे त्यांनी उलट्या वाटेने मान्य केले.

चूल, कुलूप आणि सामाईक घर

जुन्या घरात एक अदृश्य दुरुस्ती रोज होत असे. चुलीची ऊब माळ्यावर चढे आणि धूर कौलांतून निघून जाई. जाताना वासे कोरडे करी, त्यांवर काजळीचा थर चढवी आणि किडीला दूर ठेवी. गॅस आल्यावर बायकांच्या डोळ्यांचे आणि फुप्फुसांचे हाल कमी झाले, ही मोठी गोष्ट. त्याची भरपाई म्हणून माळ्याला झरोके द्यायला हवे होते. ते बहुतेकांनी दिले नाहीत.

घराला कुलूप लागले की वाळण्याची उरलेली साधनेही जातात. दारे उघडत नाहीत, दिवा लागत नाही, सरकलेले एक कौल जूनपासून भाद्रपदापर्यंत कोणाला दिसत नाही. चाकरमानी गणपतीला येतात, म्हणजे घर सर्वांत ओले असते तेव्हा. त्या आठ दिवसांच्या आधी घाईने रंग काढला जातो आणि ओल भिंतीत कोंडली जाते. तेच चाकरमानी शिमग्यालाही येतात. तेव्हा लाकूड कोरडे असते, सुताराला सवड असते, पुढे पाऊस यायला दोन-अडीच महिने असतात. रंगाचा आणि दुरुस्तीचा खर्च गणपतीकडून शिमग्याकडे सरकवला, तर त्याच पैशांत घर दुप्पट जगेल.

खरी गाठ याहून खोल आहे. घरपट्टीच्या उताऱ्यावर पाच-सात नावे असतात. कोणी मुंबईत, कोणी पुण्यात, कोणी परदेशी. सगळ्यांचे घर, म्हणून वासा कोणाचाच नाही. जो गावात राहतो त्याने खर्च केला तर ‘हक्क सांगतो’ असा संशय, न केला तर ‘घर पाडले’ असा ठपका. रत्नागिरीत थिबा राजवाडा आहे. १९१० साली बांधलेल्या या वास्तूत ब्रह्मदेशचा पदच्युत राजा १९१६ साली मरण पावला. टिळक आळीत लोकमान्यांचे जन्मस्थान आहे, तेही कोकणी घरच. या वास्तूंची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. साध्या घरांना असा वाली नाही आणि त्याची अपेक्षाही नाही. पण ज्या कुटुंबांनी वाटणी होवो न होवो, दरवर्षी ठरावीक वर्गणी काढून शाकारणीचा वेगळा हिशेब ठेवला, त्यांची घरे मी उभी पाहिली आहेत. कागदावर सुरुवातीलाच लिहिले जाते, की या खर्चाने कोणाचा हिस्सा वाढत नाही किंवा घटत नाही. माझ्या पाहण्यातल्या अनेक घरांना या एका ओळीने जितके वाचवले, तितके कुठल्याही रसायनाने वाचवले नाही.

दुरुस्तीचे पंचांग

हा अंक हाती येईल तेव्हा पाऊस नुकता सरलेला असेल. ओलीचे डाग अजून ताजे असतात, गळतीच्या कडा स्पष्ट असतात. माघात त्या पुसट होतात. म्हणून दिवाळी ही वाचनाची वेळ. माळ्यावर विजेरी घेऊन जावे, प्रत्येक काळ्या पट्ट्याच्या वरच्या टोकाशी खडूने खूण करावी आणि फोनवर छायाचित्र काढून ठेवावे. कार्तिक ते माघ घर उघडे ठेवून वाळू द्यावे. शिमग्याच्या सुमारास सुताराकडून कापाकापी आणि जोड करून घ्यावेत, चैत्रात चुन्याची कामे उरकावीत, वैशाखात कौले परतावीत. पावसाच्या पहिल्या जोरात कोणीतरी माळ्यावर चढून खडूच्या खुणा कोरड्या आहेत का ते पाहावे. गावात कोणी नसेल, तर शेजाऱ्याला किल्ली आणि थोडे मानधन द्यावे. पुढच्या वर्षीच्या सुताराच्या बिलापेक्षा ते कमीच असते.

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, असे आपण माणसांच्या बाबतीत म्हणतो. लाकडाच्या वाशांचा क्रम उलटा आहे : ते आधी फिरतात, घर नंतर. मधल्या काळात ते काळ्या पट्ट्यांतून, मऊ टोकांतून, बद्द आवाजातून वर्षानुवर्षे सांगत असतात. तेवढ्यासाठी वर्षातून एकदा शिडी लावायला हवी.